निगेटिव्हला दात: ४ बाय ५ होल्डरांवर खुणा करण्याच्या नोंदी

२५ ऑक्टोबर २०२५

दिवाळी उरकली. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांचे फोटो काढण्याचं काम आता पुन्हा सुरू होईल. पावसाळाभर ४ बाय ५ इंची फिल्मचा मोठा कॅमेरा कपाटात होता. आता ऊन स्वच्छ आहे आणि सकाळी चौकात उतरणारा उजेड हवा तसा तिरका मिळतोय. या हंगामात फिल्म बरीच लागणार आहे, म्हणून पहिल्या वाड्यात पाऊल टाकायच्या आधी एक गोष्ट मार्गी लावायची आहे. प्रत्येक निगेटिव्ह कोणत्या होल्डरच्या (फिल्म धरणारी चपटी पेटी, दोन्ही बाजूंना फिल्मचा एकेक सुटा तुकडा) कोणत्या बाजूची, याची खूण फोटो काढतानाच फिल्मवर उमटली पाहिजे.

रोल फिल्मला हा प्रश्न पडत नाही. कडेला कारखान्यातूनच आकडे आलेले असतात आणि फ्रेमा एकमेकींना चिकटलेल्या असतात. कितवी कुठली हे कापेपर्यंत तरी पक्कं असतं. सिनेमाच्या फिल्मवरही ठरावीक अंतराने एज नंबर असतात. शीट फिल्मचा मात्र प्रत्येक तुकडा सुटा. कोपऱ्यातल्या कारखान्याच्या खाचा एवढंच सांगतात की ही फिल्म कोणत्या जातीची आणि तिची इमल्शनची (उजेड टिपणाऱ्या थराची) बाजू कुठली. इल्फर्ड कंपनीच्या एफपी४ फिल्मच्या सगळ्या शीटना सारख्याच खाचा.

होल्डरवर चिकटवलेलं लेबल होल्डरवरच राहतं. अंधारात होल्डरच्या तोंडाचा फ्लॅप (झडप) उघडून फिल्म बाहेर आली की ती आणि तिचा आकडा यांची फारकत झाली. मी ट्रेमध्ये डेव्हलप करते: सहा शीट एकावर एक, सर्वांत खालची काढून वर, पुन्हा खालची काढून वर, असं चक्र चालू असतं. या पद्धतीत क्रम लक्षात ठेवणं मला भरवशाचं वाटत नाही. मॉड-५४ सारख्या, टाकीत शीट धरून ठेवणाऱ्या रॅकमध्ये कप्प्यांचा क्रम धरता येतो, पण धुऊन वाळत घालेपर्यंत तो टिकवायचा म्हणजे तारेवरच्या चिमट्यांनाही नंबर द्यायचे.

आणि वाड्यांच्या कामात चित्र बघून ओळख पटत नाही. एका चौकात आठ-दहा खांब एकाच नक्षीचे. पूर्वेचा कोणता, पश्चिमेचा कोणता? पिवळ्या फिल्टरची शीट कोणती, विनाफिल्टरची कोणती? पुढे कोणी या निगेटिव्हांवरून त्या वाड्याचं मोजमाप किंवा दुरुस्ती करायला बसलं तर त्याला "बहुधा वरच्या मजल्यावरचा" असं सांगून भागणार नाही.

२६ ऑक्टोबर

नारायण पेठेतल्या काकांकडे गेले. त्यांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण माळ्यावर ट्रे, घड्याळ, लाकडी होल्डर सगळं नीट गुंडाळून ठेवलेलं आहे.

"काका, तुम्ही निगेटिव्ह कशा ओळखायचात?"

"अगं, लग्नात काय ओळखायचंय, नवरा-नवरी दिसतातच. शाळेच्या ग्रुपला पाटी असायची. पुढच्या रांगेतल्या पोरांच्या पायाशी. इयत्ता, तुकडी, वर्ष. ती पाटी काय फक्त पालकांसाठी नव्हती, आमच्यासाठीही होती. एका दिवसात आठ-दहा तुकड्या काढल्यावर दहावी अ आणि दहावी ब मला कशा कळणार?"

ही पाटी शाळेतल्या प्रत्येकाच्या फोटोत आहे. ती फोटोत असल्यामुळेच हरवत नाही. वाड्याच्या दर्शनी भागासमोर पाटी ठेवणं मला नको आहे, पण तत्त्व तेच हवं: खूण निगेटिव्हच्या अंगावरच पाहिजे.

पासपोर्ट फोटोच्या निगेटिव्हवर ते कडेच्या मोकळ्या पट्टीत शाईने नंबर घालायचे, पण डेव्हलप झाल्यावर, पावतीशी ताडून. निघताना त्यांनी एक लाकडी होल्डर हातात दिला. फ्लॅपच्या आतल्या कडेला कोणीतरी कानशीने तीन त्रिकोणी खाचा पाडलेल्या. "हा मी सेकंडहँड घेतला होता. आधीच्या माणसाचा तीन नंबरचा असेल." म्हणजे मला जे करायचंय ते इथे कुणीतरी आधीच करून ठेवलंय.

२८ ऑक्टोबर

होल्डर टेबलावर घेऊन त्याची रचना पुन्हा नीट पाहिली. खाच पाडायची कुठे, हे त्यावरूनच ठरणार.

फिल्म दोन लांब बाजूंच्या पन्हळींत सरकते. आत ढकलायच्या तोंडाशी बिजागरीचा फ्लॅप असतो. फ्लॅप मिटला की त्याची आतली ओठासारखी कड फिल्मच्या आखूड बाजूवर येते, आणि वरून डार्क स्लाइड (फिल्मवरचा उजेड अडवणारी सरकती पट्टी) आत गेली की तिचं टोक फ्लॅपमधल्या खोबणीत बसून त्याला मिटलेला धरतं. चारही कडा झाकलेल्या म्हणून निगेटिव्हला चारही बाजूंनी कोरी, पारदर्शक किनार मिळते. फ्लॅपच्या ओठाला खाच पाडली की फोटो काढताना तेवढ्यातून उजेड फिल्मपर्यंत जातो आणि चित्राच्या कडेपासून कोऱ्या किनारीत एक काळा दात उगवतो. प्रिंटवर किनार काळी येते, त्यामुळे दात पांढरा दिसतो.

लांब बाजूंच्या पन्हळींना हात लावायचा नाही. त्या पातळ असतात, आणि फिल्म सपाट धरून ठेवण्याचं काम त्याच करतात. ४ बाय ५ होल्डरमध्ये फिल्म बसते ती पातळी ०.१९७ इंच खोल असते, म्हणजे जवळपास ५ मिमी, आणि मान्य फरक फक्त ०.००७ इंच. फोकस करताना ग्राउंड ग्लासची (कॅमेऱ्याच्या पाठीवरची, चित्र दिसणारी धुरकट काच) पातळी याच मापाशी जुळवलेली असते. त्यामुळे जिथे फिल्म टेकते तिथे खरवडणं, चिकटपट्टी लावणं, स्टिकर डकवणं, सगळं वर्ज्य. फ्लॅपचं बरं असं की तो बिघडलाच तर तुटक्या होल्डरचा काढून बदलता येतो.

खाचेची खोली खोबणीपेक्षा कमी हवी. जास्त घासलं तर स्लाइड बंद असतानाही तिच्या टोकापलीकडून उजेड शिरायला वाट होईल. माझ्या होल्डरांसाठी दीड मिमी ठरवली.

३० ऑक्टोबर

आता आकडे लिहायचे कसे, हा खरा मजेचा भाग.

सरळ पद्धत म्हणजे तीन नंबरला तीन खाचा. काकांकडच्या होल्डरसारखी. पण माझ्याकडे १२ होल्डर आहेत, म्हणजे २४ बाजू. चोवीस खाचा पाडल्या तर फ्लॅपचा कंगवा होईल, आणि मोजताना डोळे फिरतील.

भाची मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चहा घेता घेता तिला विचारलं. तिने वहीचं पान उलटं करून पाच रेघा मारल्या. "मावशी, मोजू नकोस, जागा बघ. पाच जागा ठेव: १६, ८, ४, २, १. दात असेल त्या जागेचा आकडा धरायचा, नसेल तर सोडायचा. बेरीज केली की नंबर. पाच जागांत एकपासून एकतीसपर्यंत सगळे बसतात."

१३ म्हणजे ८, ४ आणि १. १९ म्हणजे १६, २ आणि १. शून्य वापरायचंच नाही, कारण दात नसणं आणि दात न उमटणं यांतला फरक कळला पाहिजे.

मग तिलाच शंका आली: "एखादा दात उमटलाच नाही तर? १३ चा ९ होईल आणि तुला कळणारही नाही." त्यावर उपायही तिनेच काढला. सहावी जागा ठेवायची. आकड्याचे दात विषम असतील तर तिथेही खाच पाडायची, सम असतील तर नाही. म्हणजे या सहा जागांतल्या दातांची बेरीज कायम सम. १३ ला तीन दात, म्हणून सहावा घासायचा, एकूण चार. १० ला दोनच, सहावा नको. वाचताना विषम संख्या आली की समजायचं, एक कुठेतरी हरवलाय. दोन एकदम हरवले तर ही युक्ती फसते, पण तेवढं चालेल.

मी त्यात एक भर घातली: सगळ्यांच्या आधी, डाव्या टोकाला, प्रत्येक फ्लॅपवर एक रुंद खाच. ३ मिमीची. बाकीच्या दीड मिमीच्या. ही आरंभाची खूण. वाचायला कुठून सुरुवात करायची हे त्यावरून कळतं, आणि निगेटिव्ह उलटी धरली असेल तर तेही. इमल्शन आपल्याकडे, दात वर, म्हणजे रुंद दात डावीकडे आलाच पाहिजे. उजवीकडे दिसला तर निगेटिव्ह पालथी आहे.

होल्डर क्रमांक आणि बाजू यांचं गणित सोपं ठेवलं. होल्डर १ च्या बाजू १ आणि २, होल्डर २ च्या ३ आणि ४, तसंच पुढे. होल्डर ७ म्हणजे १३ आणि १४.

१ नोव्हेंबर

बोहरी आळीत जाऊन बारीक कानशींचा संच घेतला. दुकानदाराने काम विचारलं. सांगितल्यावर त्याने त्रिकोणी बाजूला सारून चौकोनी आणि चपटी पुढे केली: "खाचेचा तळ सपाट पाहिजे ना तुम्हाला? मग त्रिकोणी कशाला." अगदी बरोबर. सपाट तळाचा दात त्रिकोणी दातापेक्षा स्पष्ट वाचता येतो. त्रिकोणाचं टोक किनारीत विरून जातं.

घरी जुन्या प्लास्टिकच्या फूटपट्टीचा तुकडा कापून साचा केला. डाव्या टोकापासून १० मिमीवर आरंभाची जागा, पुढे दर ८ मिमीला एक: १६, ८, ४, २, १ आणि शेवटची सम-विषमची, ५८ मिमीवर. चित्राची आखूड बाजू साधारण ९५ मिमी, म्हणजे उजवीकडे ३५ मिमीहून जास्त मोकळं राहतं. ते मुद्दाम. फिल्म मी कारखान्याच्या खाचा फ्लॅपच्या टोकाला येतील अशीच भरते. फ्लॅप आपल्यापासून लांब, पुढे धरला तर त्या खाचा उजव्या कोपऱ्यात येतात. दात आणि कारखान्याच्या खाचा एकमेकांत घुसायला नकोत.

२ नोव्हेंबर

दिवसभर कानस. काम गॅलरीत केलं, फिल्म भरायच्या खोलीत नाही. घासलेल्या प्लास्टिकची भुकटी होल्डरच्या आत राहिली तर फोटो काढताना ती फिल्मवर बसणार, आणि आकाशात काळे ठिपके दिसणार. त्यामुळे फ्लॅप सोडून बाकी सगळा होल्डर मास्किंग टेपने झाकला, फ्लॅप पूर्ण उघडा धरून तोंड खाली करून घासलं. एका बाजूला रंगाऱ्याचा मऊ ब्रश, मग ब्लोअर, मग टेप काढून पुन्हा ब्लोअर.

पॉलिकार्बोनेटचे होल्डर कानशीखाली किंचित चिकट लागतात. जोर केला की कड वितळल्यासारखी गोळा होते. हलक्या हाताने, एकाच दिशेने ओढायचं. जुने बेकेलाइटचे ठिसूळ, पण खाच सुरेख कापली जाते. दोन होल्डरांचे फ्लॅप धातूचे निघाले. तिथे घासल्यावर आतली चकाकी उघडी पडते आणि तिच्यावरून उजेड परतून फिल्मवर धुरकट डाग पडू शकतो, म्हणून त्या खाचांना मॅट काळा रंग टोकाच्या ब्रशने लावला.

होल्डरच्या बाहेरून, स्लाइडच्या मुठीजवळ, तेच आकडे पांढऱ्या पेंटने लिहिले. देवनागरी अंक. मुठीची पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो काढून झाला, हा सगळीकडचा रिवाज आहे तसाच. पांढऱ्या बाजूला उंचवटे असतात, ते अंधारात बोटाला कळतात.

४ नोव्हेंबर

विश्रामबागवाडा. थोरल्या बाजीराव रस्त्यावर सकाळी लवकर, रहदारी वाढायच्या आत. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८०७ मध्ये पुरा झाला. दर्शनी सज्जा आणि सुरूचे कोरीव खांब यांसाठी पुणेकर आजही मान वर करतात. १८७९ च्या मे महिन्यात लागलेल्या आगीत याचा काही भाग जळाला, आणि जवळचा बुधवारवाडा तर पूर्ण गेला. पेठांत काम करताना ही तारीख मनातून जात नाही.

होल्डर १ ते ३ वापरले. एफपी४, १५० मिमी लेन्स.

उभ्या चौकटीत होल्डर वरून आत जातो, त्यामुळे फ्लॅप कॅमेऱ्यात खाली येतो. ग्राउंड ग्लासवर चित्र उलटं असतं, म्हणून ती बाजू आकाशाची. दातांना भरपूर उजेड मिळणार. आडव्या चौकटीत मी होल्डर उजवीकडून घालते. फ्लॅप डावीकडे, म्हणजे प्रत्यक्षातली उजवी बाजू. आज आडव्या चौकटीत उजवीकडे गल्लीची गर्द सावली होती. पाठीमागची चौकट काढून उलटी बसवली, होल्डर डावीकडून घातला, फ्लॅप उजेडाच्या बाजूला गेला. चौकोनी पाठ असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत हे करता येतं, आणि आपल्याला चित्रात काहीच बदलावं लागत नाही. पुढे हे रोजच्या सवयीत आणायचं: फोकस झाला की फ्लॅपची कड कोणत्या भागावर पडते तेवढं बघायचं.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

पाताळेश्वर लेण्यात पणत्या. ही चाचणी मुद्दाम आजच्या रात्रीसाठी राखली होती, कारण कडा पूर्ण अंधारात असल्यावर दातांचं काय होतं ते बघायचंय. होल्डर ४, बाजू ७ आणि ८. नंदीमंडपाच्या गोल छताखाली पणत्या, बाकी काळोख. लोक येत-जात होते. लांब एक्स्पोजरमध्ये ते विरघळतील.

८ नोव्हेंबर

पहिली खेप डेव्हलप केली. आयडी-११ डेव्हलपर, १+१ (तेवढंच पाणी मिसळून), २० अंशाला ११ मिनिटं. नळाचं पाणी २३ अंशांवर होतं, ट्रेखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवून खाली आणलं.

फिक्सरमधून पहिली शीट दिव्यासमोर धरली आणि कडेला दात दिसले. रुंद एक, मग थोडी मोकळी जागा, मग दोन बारीक. तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर काही नाही, चौथ्या आणि पाचव्यावर आहेत... ४ नाही, २ आणि १ आहेत. तीन! होल्डर २, पहिली बाजू. वहीत पाहिलं: सज्जा, उजवीकडून तिसरा खांब, पिवळा फिल्टर. निगेटिव्ह ओली असतानाच तिचं पूर्ण नाव मला माहीत होतं.

विश्रामबागच्या सगळ्या शीट वाचता आल्या. आकाशाकडचे दात इतके गडद की हातभर अंतरावरूनही कळतात. १५० मिमी लेन्समुळे उजेड मधून कडेकडे तिरका जातो, म्हणून दात खाचेपेक्षा किंचित लांबट उमटलेत. आरंभाच्या दाताचे कोपरे मात्र धारदार आहेत. भिंगाखाली कानशीचा एक ओरखडासुद्धा दिसतो. म्हणजे प्रत्येक होल्डरचा दात थोडा वेगळा, सहीसारखा.

पाताळेश्वरच्या दोन शीटांवर काहीच नाही. रुंद दातसुद्धा नाही. अपेक्षा तीच होती, आता पुरावा मिळाला. रुंद दात गायब असेल तर त्या निगेटिव्हवरून नंबर वाचायचाच नाही, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

रात्रीच्या कामासाठी दुसरी सोय: होल्डर रिकामा करताना, अंधारात, त्या शीटचा एक कोपरा कात्रीने छाटायचा. कारखान्याच्या खाचांचा कोपरा सोडून. एक कोपरा छाटलेला म्हणजे "रात्र, पहिली", दोन कोपरे म्हणजे "रात्र, दुसरी". एका वेळी दोनच रात्रीच्या शीट ट्रेमध्ये घ्यायच्या. चित्राला धक्का लागत नाही, किनार तेवढी जाते.

९ नोव्हेंबर

वहीचे रकाने ठरले: तारीख, बाजू क्रमांक, वाडा आणि जागा, दिशा, लेन्स, फिल्टर, छिद्र, वेळ, बेलोजची (कॅमेऱ्याच्या घडीच्या भात्याची) वाढ, डेव्हलपमेंट. शेवटी एक रिकामा रकाना, कायमच्या क्रमांकासाठी.

दातांचा आकडा होल्डरचा आहे, निगेटिव्हचा नाही. होल्डर पुन्हा भरला जाणार, तेरा नंबर पुन्हा येणार. म्हणून दोन शिस्ती. एक, एका खेपेत तीच बाजू दोनदा नको. बाहेरगावी होल्डर रिकामे करून परत भरायची वेळ आलीच तर आधीच्या शीट वेगळ्या डब्यात आणि डब्यावर खेपेचं अक्षर. दोन, वाळल्याबरोबर वहीशी ताडून कायमचा क्रमांक द्यायचा, साल आणि अनुक्रम, आणि तो पाकिटावर निगेटिव्ह आत घालायच्या आधी पेन्सिलीने लिहायचा. कोऱ्या किनारीवरही, काचेसारख्या बाजूने, काळ्या शाईने. काकांची पद्धत इथे कामाला आली.

१५ नोव्हेंबर

सदाशिव पेठेतला एक वाडा. घरच्यांच्या इच्छेनुसार नाव लिहीत नाही. दिंडी दरवाजा, पहिला चौक, ओसरी, माजघर. राहत्या आजींनी स्वतः कोनाड्यातले डबे हलवून दिले आणि मागच्या भिंतीवरचा जुना गिलावा दाखवला.

"हे पाडायच्या आधी नीट काढ हो," एवढंच म्हणाल्या.

माजघरात उजेड फारच कमी. मीटर १० सेकंद सांगत होता. एफपी४ ला एवढ्या लांब वेळेत नुसते १० पुरत नाहीत. इल्फर्डच्या गणिताने १८ दिले. चौकात मात्र कडक ऊन, काँट्रास्ट दुप्पट. या दोन जागांना एकच डेव्हलपमेंट चालणार नाही: चौकाच्या शीटना वेळ कमी, माजघराच्या शीटना नेहमीचा. छायाचित्रकार आडम्स आणि आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन सिस्टिमचा (दृश्यातल्या उजेड-सावलीप्रमाणे एक्स्पोजर आणि डेव्हलपमेंट ठरवण्याच्या पद्धतीचा) अर्धा फायदा शीट फिल्मला मिळतो तो यामुळेच, की प्रत्येक शीट वेगळी शिजवता येते. पण त्यासाठी डेव्हलपरमध्ये घालायच्या आधीच शीट ओळखता आली पाहिजे, आणि तेव्हा दात दिसत नाहीत. तिथे होल्डरवरचे आकडेच उपयोगाचे. चौकाचे होल्डर ८ आणि ९, माजघराचे १० आणि ११, पिशवीचे कप्पे वेगळे. मग ट्रेमधून बाहेर आल्यावर दात खात्री करून देतात की खेप बरोबर होती.

माजघराच्या निगेटिव्हचे दात कसे उमटतील याची उत्सुकता आहे. फ्लॅपची कड खिडकीच्या बाजूला ठेवली होती.

१६ नोव्हेंबर

उमटले. खिडकीच्या बाजूचे सगळे. १९ नंबरवर १६ चा दात फिका आहे, कारण त्याच्यासमोर खिडकीची लाकडी चौकट होती, पण वाचता येतो. सम-विषमही जुळलं: तीन आणि एक, चार.

२२ नोव्हेंबर

आज या खुणांनी एक वेगळंच काम केलं.

विश्रामबागच्या दुसऱ्या फेरीतल्या एका निगेटिव्हवर एका आखूड कडेपासून आत येणारा काळसर पट्टा आहे. उजेड शिरलाय. पट्टा दातांच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे मुठीच्या बाजूला. दात वाचले: ८ आणि १. बाजू ९, होल्डर ५. वही चाळली, सदाशिव पेठेतलीही बाजू ९ ची शीट काढली. तोच पट्टा, तीच जागा, फक्त फिका, कारण तिथे होल्डर उन्हात कमी वेळ होता. बाजू १० च्या दोन्ही शीट स्वच्छ.

म्हणजे होल्डर ५ च्या एका बाजूचा, स्लाइड आत-बाहेर होते त्या फटीतला उजेड अडवणारा मखमली पट्टा झिजलाय. भिंगाखाली पाहिलं तर एका ठिकाणी तो चपटा पडून चमकत होता. आकडा नसता तर संशय बेलोजवर गेला असता, आणि मी बेलोज दुरुस्त करत बसले असते. होल्डर ५ च्या बाजू ९ वर लाल टेप लावला. पट्टा बदलेपर्यंत फक्त १० वापरायची.

आता ओरखडा, धूळ, धूर काहीही दिसलं की आधी दात वाचते. होल्डरांचं एक वेगळं पान केलंय: नंबर, सापडलेला दोष, तारीख, दुरुस्ती.

२९ नोव्हेंबर

स्कॅनिंग सुरू. स्कॅनरबरोबर येणारी फिल्मची चौकट निगेटिव्हची किनार झाकते, त्यामुळे दात स्कॅनमध्ये येत नाहीत. हे मला मान्य नाही. संग्रहात पुढे जाणारी प्रत किनारीसकटच हवी. काळ्या कार्डाची मोठी चौकट कापली, ४ बाय ५ पेक्षा थोडी मोठ्या खिडकीची, कोपऱ्यात निगेटिव्ह अडवणाऱ्या चार बारीक पट्ट्या. फाइलला कायमचा क्रमांक. कुणाला शंका आलीच तर स्कॅनमधले दात आणि वही ताडून बघता येतील.

मोडीतली कागदपत्रं रुमालात बांधून, रुमालाला नंबर देऊन ठेवण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. पेशवे दप्तरात तशीच ठेवलेली आहेत. रुमाल सुटला, कागद दुसऱ्यात गेला, की शोधणाऱ्याची वर्षं जातात. माझ्या निगेटिव्हची पाकिटं म्हणजे ते रुमालच. म्हणून किनारीतल्या दातांचा मला एवढा आग्रह.

३० नोव्हेंबर

एकाने विचारलं की ग्राफमॅटिकच का घेत नाहीस. ग्राफ्लेक्सचा तो होल्डर एकात सहा शीट घेतो आणि फ्रेमचा आकडा कडेला आपोआप उमटवतो, हे खरं. उत्तम यंत्र आहे. पण मिळणारे सगळे जुने, आतले पत्रे वाकलेले निघतात, आणि माझ्याजवळचे बारा होल्डर चांगले चालताहेत.

६ डिसेंबर

काकांना पहिल्या खेपेचे कॉन्टॅक्ट प्रिंट दाखवायला नेले. काळ्या किनारीतले पांढरे दात त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, प्रिंट नाकाशी धरून वाचले. "सोळा, दोन, एक... एकोणीस. आणि हा शेवटचा तुझा राखणदार." मग उठले आणि माळ्यावरचे तीन लाकडी होल्डर खाली काढून दिले. फिल्म सपाट बसते का ते मोजून पाहिलं. दोन ठीक, तिसऱ्याचा मधला पत्रा बाजूला सरकलाय, तो बसवावा लागेल.

२५ ते ३० हे आकडे त्यांना दिले. एकाला आधीच तीन त्रिकोणी खाचा आहेत. त्या बुजवणार नाही, फ्लॅपही बदलणार नाही. त्या आधीच्या मालकाच्या, तशाच राहतील. तो २५-२६ चा. त्याची फक्त २५ नंबरची, कोरी बाजू वापरायची. तिथले दात १६, ८, १ आणि राखणदार. लाकूड कानशीने तंतू धरतं, म्हणून आधी बारीक करवतीने दोन छेद आणि मग मधला तुकडा पटाशीने. पुढच्या शनिवारी, गॅलरीतच.